चौशिंगा, टाकळा आणि तनपुरे साहेब

घाबरट माणसाबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोलत नाही. शूरांचे पोवाडे होतात, हुशारांचे सत्कार होतात, घाबरटाची मात्र नक्कल होते. आमच्या कंपनीत तनपुरे साहेबांची नक्कल न येणारा माणूस शोधून सापडला नसता. कँटीनमध्ये कुणी खुर्ची सरकवली की दुसरा कुणीतरी दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "जपून हां, जपून," आणि टेबलभर हशा पिकायचा. मीही हसायचे. नक्कल हुबेहूब असायची, हसू येणारच.

तनपुरे आमचे सेफ्टी ऑफिसर. चाकणच्या एमआयडीसीत मोटारींच्या दारांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या बनवणारी आमची कंपनी. नाव सांगण्यात अर्थ नाही, असल्या कंपन्या तिथे गल्लोगल्ली आहेत. मी टाइम ऑफिसला. कोण आलं, कोण गेलं, कुणाची कुठली शिफ्ट, कुणाचा ओव्हरटाइम, हे सगळं माझ्या खिडकीवरून जातं. गेट, पार्किंग आणि प्रेसशॉपचं मोठं शटर, तिन्ही मला बसल्या जागेवरून दिसतात. माणसं ओळखायला याहून चांगली जागा नाही.

तनपुरे उंच, किरकोळ अंगाचे, डोक्यावर कायम पांढरं हेल्मेट. जेवतानाही ते बाजूच्या खुर्चीवर न ठेवता मांडीवर ठेवायचे. जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटायचा नाही. गरम चहाचा कप कुणी कडेला ठेवला की बोलता बोलता ते तो टेबलाच्या मध्यावर सरकवायचे, मग तो चहा प्लांट हेडचा का असेना. नमस्काराच्या जागी "जपून", निरोपाच्या जागी "जपून", आणि वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या तर उत्तर, "व्हय, पण जपून." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "झालं न्हाई म्हंजे व्हणार न्हाई, असं न्हाई." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की नवीन माणसाचाही जीव टांगणीला लागायचा.

आमची कंपनीची बस आकुर्डीहून निघते. तनपुरे दिघीला चढायचे आणि न चुकता आपत्कालीन खिडकीजवळ बसायचे. शेजारी नवीन माणूस आला की त्याला ती खिडकी कशी उघडायची ते शिकवायचे. एकदा मोशीच्या अलीकडे असंच शिकवताना खटका खरंच ओढला गेला आणि अख्खी काच हायवेवर जाऊन पडली. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, शिव्या. ड्रायव्हर खाली उतरला, काच बघितली आणि म्हणाला, "साहेब, उघडायची कशी ते सगळ्यांना समजलं. आता बंद कशी करायची तेवढं सांगा." आम्ही हसून बेजार. तनपुरे मात्र घामाघूम होऊन म्हणत होते, "पण उघडली ना? ऐनवेळेला अडकली असती तर?"

त्यांच्या दिघीच्या घरी एकदा हळदीकुंकवाला गेले होते. वहिनी हसत हसत सांगत होत्या, "आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला तवा ह्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. मांडवाच्या वायरीकडं बघत व्हते. कुठंतरी उघडी व्हती म्हणं." तनपुरे आतून ओरडले, "व्हतीच उघडी."

असा माणूस सहन करायचा म्हणजे नाकी नऊ येतात. मलाही वैताग यायचा. एखाद्या दिवशी ते खिडकीशी येऊन उभे राहिले की मी मुद्दाम मान खाली घालून बसायचे. पण मग पाच नंबरचा प्रकार घडला.

आमच्या प्रेसशॉपमध्ये एका ओळीत आठ प्रेस आहेत. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. दोन बटणं एवढ्यासाठीच, की दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय मशीन चालू नये. कागदावर हे झकास आहे. पण दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलं तर टार्गेट होत नाही, म्हणून ऑपरेटर एका बटणात कापडात गुंडाळलेला बोल्ट खुपसून ते दाबलेलंच ठेवतात. मग एक हात मोकळा राहतो आणि तो हात आत-बाहेर करत राहतो. सगळ्या शॉपला हे ठाऊक असतं. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो, कारण टार्गेट त्याच्याही मानेवर असतं.

पाच नंबरवर बीडकडचा एक कॉन्ट्रॅक्टचा माणूस होता. त्याची दोन बोटं गेली. तनपुरेंनी त्याला ॲम्ब्युलन्समध्ये स्वतःच्या खांद्याला टेकवून, त्याचा हात वर धरून नेलं. परत आले तेव्हा शर्टाची बाही कडक झाली होती. ते माझ्या खिडकीशी उभे राहिले आणि आत शटरकडे बघत राहिले. दुसरी शिफ्ट सुरू झाली होती. पाच नंबर पुसून घेतलं होतं आणि त्यावर दुसरा माणूस उभा होता. हजेरीत मीच त्याला तिथे दाखवलं होतं, तसा निरोप आला होता.

"शैलाताई," ते म्हणाले, "टाकळा बघितलाय ना?"

टाकळा कुणी बघितलेला नसतो? पावसाळ्यात आमच्या कंपाउंडच्या कडेने, गटाराच्या काठाने, हायवेच्या दुभाजकात, जिथे म्हणून चिमूटभर माती आहे तिथे तो उगवतो. श्रावणानंतर पिवळी फुलं येतात. त्याला उग्र वास, म्हणून गुरंही तोंड लावत नाहीत.

"तो कापला तर कुणाला काय वाटत न्हाई," तनपुरे म्हणाले. "कारण पुढल्या साली तेवढाच येतो. तेवढाच दिसतो, म्हणून लोकास्नी वाटतं, तोच हाय."

मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात ही जोडी बसली, एक टाकळा आणि दुसरा चौशिंगा. चौशिंग्याचं त्यांच्या मामाच्या गावाशी नातं. भीमाशंकरच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांच्या मामाचं घर. लहानपणी मामाने त्यांना पाणवठ्यावर नेऊन, तोंडावर हात दाबून तो दाखवला होता. चार शिंगांचं हरणासारखं जनावर, शेळीपेक्षा थोडं मोठं, एकटं राहणारं, भित्रं. मागची शिंगं बऱ्यापैकी, पुढची दोन बोटाच्या पेराएवढी. लोक त्याला भेकर समजतात आणि तनपुरेंना त्याचा फार राग. आता ते फार कमी उरलेत, हे सांगताना त्यांचा आवाज घरातलं कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला सेफ्टी ऑफिसरने पाच मिनिटं बोलायचं असतं. एका सकाळी त्यांनी तिथे सांगून टाकलं, की कंपनीत माणसांच्या दोन जाती आहेत. साचे बनवणाऱ्या टूलरूमचे जुने मिस्त्री म्हणजे चौशिंगे. एकाला सर्दी झाली तरी वरून फोन येतो, कारण तसा दुसरा मिळत नाही. आणि प्रेसवर उभे राहणारे तुम्ही सगळे टाकळा. "म्हणून टाकळ्यानं सोताच सोताला जपायचं." लोकांना यातलं एवढंच लक्षात राहिलं, की टूलरूमच्या जाडजूड हेडमिस्त्रींना साहेबांनी चौशिंगा म्हटलं. बिचाऱ्याला ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

सात नंबरवर संगीता होती. हिंगोलीकडची, नवरा भोसरीत वेल्डर, घरी लहान मूल. हात असा झपाझप चालायचा की बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं. तनपुरे रोज तिच्या बटणातला बोल्ट काढून घ्यायचे आणि रोज तिथे नवा बोल्ट असायचा. एकदा मी शॉपमध्ये हजेरीच्या कामाला गेले होते, तेव्हा दोघांची जुंपलेली ऐकली.

"बाई, हात प्यारा हाय का न्हाई?"

"हाय की साहेब. पण टार्गेट तुमी करून देता का? न्हाई झालं की ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणतोय. मग हात घेऊन घरी बसू का?"

तनपुरे बोल्ट तेवढा खिशात घालून घेऊन गेले.

त्यांच्या कपाटात एक खोकं होतं. कधी काळी एका ऑडिटसाठी कंपनीने सेन्सरचा एक संच घेतला होता. मशीनच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन पट्ट्या बसवायच्या, मध्ये न दिसणारे किरण. हात त्यात असेपर्यंत वरचा ठोकळा जागच्या जागी थांबतो, मग बटणात बोल्ट असो की नसो. ऑडिट झालं, पट्ट्या थरथरीने हलायच्या, मशीन विनाकारण थांबायचं, म्हणून त्या काढून ठेवल्या. नीट बसवायच्या तर अर्धी शिफ्ट एक मशीन बंद ठेवायला हवं, आणि बाजूची मशीन चालू असली तर थरथरीमुळे माप जुळत नाही, म्हणजे सगळंच शॉप बंद हवं. तनपुरे दर आठवड्याला प्लांट हेड पारखी साहेबांकडे जायचे. पारखी वाईट माणूस नव्हेत. "बघू हो तनपुरे, डिस्पॅच निघू दे," म्हणायचे. डिस्पॅच कधी निघून संपतं का? रोज संध्याकाळी ट्रक जातो आणि रोज सकाळी दुसरा लागलेला असतो.

असं ते वर्ष गेलं. तनपुरेंची तब्येत उतरली. मशीनचा नेहमीचा ठोका जरा चुकला की ते कुठेही असोत, मान वर करायचे. बोलता बोलता थांबायचे, कानोसा घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्यांच्याशी बोलणारा माणूसही मग कानोसा घ्यायला लागायचा. मला घरी भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं, आणि याचा मी त्यांच्यावर राग धरला होता.

मग उन्हाळ्यात ते जनावर आलं.

सकाळची शिफ्ट रंगात होती. वॉचमन धावत खिडकीशी आला. "मॅडम, भंगारामागं पान्याच्या टाकीपाशी बकरीवानी कायतरी हाय. पर शिंगं चार हायेत." तनपुरे माझ्यासमोरच उभे होते. कंपनीत धावायचं नाही असा नियम करणारा हा माणूस त्या दिवशी धावला. थोड्या वेळाने परत आला तो तोंडाला कोरड पडलेला. "चौशिंगाच हाय, ताई. नर हाय. पाण्यासाठी आलाय." डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

पारखींनी मालकांना फोन लावला. मालकांना जंगलाची, फोटोंची हौस. त्यांनी विचारलं, जनावराला धोका कशाचा? फोन स्पीकरवर होता. तनपुरेंनी खरं तेच सांगितलं, "आवाजाचा साहेब. भेदरून छाती फुटून मरतं हे जनावर."

"मग प्रेसशॉप बंद करा," मालक म्हणाले. "ते सुखरूप जाईपर्यंत एक मशीन वाजता कामा नये."

आठच्या आठ मशीन थांबली. मी इतकी वर्षं तिथे आहे, दिवसाउजेडी शिफ्टमध्ये अशी शांतता कधी ऐकली नव्हती. ऑपरेटर जिथल्या तिथे खाली बसले, कुणी हळूच मोबाइल काढला, बाकी सगळी कंपनी चवड्यांवर भंगाराकडे निघाली. तनपुरेंनी लाल फीत बांधून सगळ्यांना लांब अडवलं. पुढे मी एकटा जाणार, म्हणाले, मला त्याची सवय माहीत आहे. हे पटण्यासारखं होतं.

आणि मग ते माझ्या खिडकीशी आले. "शैलाताई, इलेक्ट्रिशियन गजानन आज कुठल्या शिफ्टला?"

"पहिलीलाच. का?"

"त्याला सात नंबरला पाठवा. हत्यारांचा डबा घेऊन." एवढं बोलून ते त्यांच्या कपाटाकडे गेले आणि ते खोकं काखेत मारून शॉपमध्ये शिरले.

ज्या जनावराच्या आठवणीने ते हळवे व्हायचे, ते शंभर पावलांवर उभं होतं. सगळे माना उंच करून बघत होते, पण भंगाराच्या ढिगाआड धड काही दिसत नव्हतं. तनपुरे मात्र सात नंबरच्या खाली पालथे पडून गजाननला बॅटरी दाखवत होते. मधून मधून उठायचे, लाल फितीपलीकडे जाऊन यायचे, आणि पारखींचा फोन आला की सांगायचे, "बसलंय साहेब. झुडपात बसलंय." वनखात्याची गाडी निघाली होती, पण चाकणच्या चौकात अडकली होती. तिथे कोण अडकत नाही?

चहाची सुट्टी होऊन गेली. जेवणाची वेळ आली. वॉचमन माझ्या खिडकीशी आला आणि इकडेतिकडे बघत कुजबुजला, "मॅडम, ते तर कवाच गेलं की. चहाच्या टायमाला नाल्यातनं भायेर पडलं, म्या बघितलं. साहेबबी व्हते तिथं."

शटरमधून तनपुरे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वॉचमनकडे बघितलं, आणि ते समजले. खिडकीशी आले. कपाळावर ग्रीस लागलं होतं.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"बसवून झालंय. टेस्टिंग चाललंय." मग खालच्या आवाजात, "ठोकळा आवाज न करता हळूहळू खाली सोडतोय, मधे लाकूड घालून बघतोय. थांबतंय, ताई."

मी वॉचमनला चहा आणायला पाठवून दिलं. तेवढ्यात पारखी स्वतः खाली उतरले. "तनपुरे, आहे का गेलं?" खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना फार वाईट दिसतो. तनपुरेंनी हेल्मेट नीट केलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "आहे साहेब. जरा जपून घेऊ." पारखी घड्याळ बघत परत वर गेले.

वनखात्याची माणसं आली, त्यांनी नाल्यातल्या खुणा बघितल्या, जनावर निघून गेलंय म्हणाले. मशीन सुरू झाली. सात नंबरवर बाजूला एक हिरवा दिवा लागला होता. संगीताने कपाळाला हात लावला. "आता हे काय आनि? काम कसं व्हायचं?" पण या खेपेस गजाननने रबर घालून पट्ट्या पक्क्या बसवल्या होत्या. मशीन विनाकारण थांबेना, तिचं टार्गेट होत राहिलं, आणि पुढच्या महिन्यात आलेल्या एका ऑडिटरने त्या दिव्याचं कौतुक केल्यावर तो काढायची कुणाची छाती झाली नाही.

मला वाटलं, निभावलं.

पर्यावरण दिन आमच्याकडे मालक परदेशातून आल्यावर साजरा होतो. त्या वर्षी तो गणपतीनंतर आला. गेटवर चौशिंग्याचा मोठा फोटो लागला. कार्यक्रमासाठी कंपाउंड चकाचक हवं म्हणून सकाळपासून ग्रासकटर फिरत होता, आणि फुलांवर आलेला टाकळा ढिगाने पडला होता. त्याचा उग्र वास मंडपापर्यंत येत होता. एचआरने मोठ्या हौसेने एक फिल्म बनवली होती. त्या दिवसाचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवलं होतं, ते पडद्यावर सुरू झालं. चौशिंगा पाणी पिताना दिसला. मान वर करून बघताना दिसला. मग पाय उचलत नाल्यात शिरला आणि गेला. टाळ्या पडल्या.

चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. एचआरच्या बाईंना ते काढून टाकायचं सुचलं नव्हतं. मला दिसलं तसं पारखींनाही दिसलं. त्यांच्या टाळ्या थांबल्या, आणि ते हळूच मान वळवून तनपुरेंकडे बघायला लागले. तनपुरेंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, की आता आपले सेफ्टी ऑफिसर चौशिंग्याची माहिती देतील.

मला वाटलं, हा माणूस आता चक्कर येऊन पडणार. ते माइकशी गेले. वाटेत एक वायर आडवी होती, ती त्यांनी आधी कडेला सारली.

"चौशिंगा," ते म्हणाले आणि थांबले. "चौशिंग्याला रोज पाणी लागतं. तो एकटा ऱ्हातो. लई कमी उरलेत, म्हणून तो दिसला की आपण मशीन बंद करतो. करायलाच पायजे. मी त्याच्याबद्दल आनखी सांगणार व्हतो." कागद खिशातून काढला आणि परत ठेवला. "आज सकाळपासून तो ग्रासकटर चालू हाय. टाकळा कापला. आमची आई कवळ्या टाकळ्याची भाजी करायची, लसूण घालून. औषध असतं म्हणायची. तर टाकळा लई हाय. लई हाय म्हणून त्याला कोण मोजत न्हाई. चौशिंगा एक मेला तर पेपरात येतं. टाकळ्यातला एक गेला, तर... पाच नंबरवर जो माणूस व्हता, त्याचं नाव हितं किती जणास्नी आठवतं?"

मागच्या रांगांमध्ये प्रेसशॉपचे लोक उभे होते. कुणी हसलं नाही.

"त्या दिवशी जनावर चहाच्या टायमालाच गेलं व्हतं," तनपुरे म्हणाले. "मी साहेबांशी खोटं बोललो. गजाननला ठाव नव्हतं, आनि दुसऱ्या कुणालाबी न्हाई. माझं एकट्याचं हाय ते." ते उतरले आणि जागेवर न जाता मंडपाबाहेर गेले.

मालक रागावले नाहीत. पण अर्ध्या शिफ्टचं प्रॉडक्शन खोटं बोलून बंद पाडलं, हे कुठल्या कंपनीत चालतं? पारखींनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं, दाखला चांगला देतो म्हणाले. वाईट त्यांनाही वाटत होतं. तनपुरे निघाले तेव्हा जेमतेम दोघेतिघे त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या जागी एक चुणचुणीत मुलगा आला. तो छान इंग्रजी बोलतो आणि कुणाचा चहा सरकवत नाही. कँटीनमधली नक्कल हळूहळू बंद झाली, कारण नवीन लोकांना ती समजेना.

हिवाळ्यात एके दिवशी सात नंबर मध्येच थांबलं. ठोका चुकलेला मलाही कळला, आणि नकळत माझी मान वर गेली. मी शटरपाशी पोचले तेव्हा संगीता मशीनपासून दोन पावलं मागे उभी होती. वरचा ठोकळा अर्ध्यात लटकलेला, बाजूला लाल दिवा. बटणात बोल्ट तसाच होता. ती उजवा हात डाव्या हाताने धरून त्याच्याकडे बघत होती, उलटा करून, सुलटा करून. हात धड होता, पाची बोटं जागेवर होती. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सुपरवायझरने तिला माझ्याकडे आणून बसवलं. डोळे पुसून ती म्हणाली, "मॅडम, त्या जपूनवाल्या साहेबास्नी कोणी सांगल का?"

गुरुवारी सुट्टी होती. मी दिघीला गेले. तनपुरे घरीच होते, कुठे कुठे अर्ज केले होते, अजून काही जमलं नव्हतं. दाढी वाढलेली, अंगात स्वेटर. मी पेढे पुढे केले आणि सगळं सांगितलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं होतं, या माणसाच्या चेहऱ्यावर एकदा तरी निवांतपणा बघायला मिळेल. त्यांनी पेढा हातात घेतला, तो तसाच राहिला.

"पूर्ण आत व्हता का हात?"

"हो."

"ठोकळा थांबला."

"हो, साहेब. तुमच्यामुळे."

त्यांनी मान हलवली, पण ते माझं ऐकत नव्हते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "आठ नंबरला कोण असतं आता?"

"किसन म्हणून आहे. नांदेडकडचा. नवीन आहे."

"बटणात काय खुपसतो का?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"सहाला?" मग पाचला, चारला. मी नावं सांगत गेले. प्रत्येक नाव ते ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत होते. एकच संच होता आणि तो एका मशीनला बसला होता, बाकीची सात तशीच चालू होती. पेढ्यांचा पुडा तिथे ठेवल्याची मला लाज वाटायला लागली. "अहो, आता तुमी काय करणार हाय त्याला?" वहिनी म्हणाल्या.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटली. भोंगा झाला, लोक पंच करून बाहेर पडायला लागले, आणि नेहमी पांगणारी गर्दी गेटबाहेर का तुंबली म्हणून मी खिडकीतून वाकून बघितलं. गेटच्या पलीकडे, सार्वजनिक रस्त्यावर, तनपुरे साहेब उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. प्रेसशॉपमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत होते आणि त्याच्याशी हात मिळवत होते. एक हात नव्हे, दोन्ही. काही जण हसत होते, काही ओशाळून हात पुढे करत होते. पारखींची गाडी आतून येऊन गेटशी थांबली. हॉर्न न वाजवता ते काचेतून बघत राहिले.

किसन सगळ्यांत शेवटी आला. तो साहेबांना ओळखत नव्हता. त्याचा हात तनपुरेंनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याचं गाव विचारत, घरी कोण कोण आहे ते विचारत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपून बघितलं.